आरमोरीच्या मांडवात आपलं स्वागत





आपण या पदाला कसे अपात्र आहोत, हे स्वागताध्यक्षाने सुरुवातीलाच सांगायचं, असा रिवाज आहे. माझ्या बाबतीत ते सांगायचीही गरज नाही. माझी धानाची गिरणी आहे. मानसशास्त्र आमच्या घरात आलं ते सूनबाईंच्या पावलांनी. त्यांनी त्या विषयात एम.ए. केलं आहे, आणि ‘शरीर, आरोग्य आणि भावनिक स्वास्थ्य’ हा या परिषदेचा विषय म्हणजे नेमकं काय, हे रोज रात्री जेवताना त्या मला शिकवत आल्या आहेत. स्वागत समितीला मोठं आवार हवं होतं, ते गिरणीला आहे. निवासाला जागा हवी होती, गोदामं रिकामी झाली. परिषद आटपेपर्यंत गिरणी बंद ठेवली आहे. कोंड्याचा वास मात्र बंद ठेवता आला नाही, तेवढा सहन करावा.

आपल्यातले बरेच जण काल रात्री वडशाला उतरले. आमच्या जिल्ह्याला आगगाडी शिवते ती तिथेच. वडशाहून गडचिरोलीकडे नवा मार्ग होतो आहे. तो सुरू झाला की याच परिषदेला पुन्हा बोलावीन म्हणतो, म्हणजे निदान रात्रीच्या थंडीत जीपमधून आणल्याचं पाप माझ्या माथी राहणार नाही. जे ब्रह्मपुरीकडून आले त्यांनी पुलावरून वैनगंगा पाहिली असेल. जानेवारीत ती अंग चोरून वाहते. पावसाळ्यात तिचं रूप बघायला या, पण तेव्हा परतीची गाडी कधी मिळेल याची हमी मागू नका.

आमचं आरमोरी अलीकडे नगर परिषदेचं गाव झालं आहे. त्याआधीही ते मोठंच होतं, असं आम्ही मानतो. इथला कोसा सगळ्या विदर्भात नावाजलेला. आमचे ढिवर बांधव रानातल्या ऐनाच्या नि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या पाळतात, पाखरांपासून त्यांची राखण करत दिवसचे दिवस झाडाखाली काढतात. मग कोश उकळून धागा काढायचा आणि मागावर कापड विणायचं. टसरच्या सगळ्याच पट्ट्यात बायका पिढ्यान्‌पिढ्या उघड्या मांडीवर घासून हा धागा काढत आल्या. मांडीची कातडी सोलवटते, काळी पडते. हे थांबावं म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ नावाचं यंत्र आणलं. आज व्यासपीठावरच्या पाहुण्यांच्या खांद्यावर जे उपरणं आहे ते कोशाचं आहे. ते घालून कृपया जेवायला बसू नये. हळदीचा डाग जात नाही.

इथून जवळच, आमच्याच तालुक्यात, वैरागड आहे. किल्ला आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. चांद्याच्या गोंड राजांचा तो. पण त्याची खरी कीर्ती हिऱ्यांची. अकबराच्या दरबारात अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’ लिहिली, तिच्यात या बिरागडच्या हिऱ्याच्या खाणीची नोंद आहे. त्यानंतर दिल्लीने आमची दखल पुन्हा घ्यायला फार काळ लागला, एवढंच म्हणतो. भंडारेश्वराचं देऊळही तिथेच. उद्या दुपारी एक बस तिकडे जाईल. किल्ल्यात गवत माजलेलं आहे, पायात बूट असावेत. हिरे शोधू नयेत.

खाणी संपल्या, धान राहिलं. गाढवी नदीवर इटियाडोहचं धरण झालं, त्याचे कालवे आमच्याकडे आले, आणि एका पावसावर जगणारा हा मुलूख बऱ्यापैकी सावरला. आणि धानाचं नाव निघालं की मला एका माणसाबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत. त्यातली पाच मी यांच्यासाठी राखून ठेवली होती. सूनबाई समोर बसून घड्याळ दाखवताहेत, पण गोष्ट घड्याळाचीच आहे.

दादाजी रामाजी खोब्रागडे. गाव नांदेड. मराठवाड्यातलं नव्हे, नागभीड तालुक्यातलं. कोणी म्हणेल, ते आरमोरीचं नाही, गडचिरोली जिल्ह्यातलंही नाही, नदीपल्याड चंद्रपुरातलं आहे. खरं आहे. पण २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत आम्ही सगळे एकाच जिल्ह्यातले होतो, आणि दादाजींचा जन्म १९३९चा; तेव्हा जिल्हा फुटला त्या दिवशी त्यांच्या आयुष्याची त्रेचाळीस वर्षं आमच्याच खात्यात जमा होती. तेवढा हक्क मी सोडत नाही.

तर हे दादाजी. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली ‘पटेल ३’ जातीच्या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग निराळा, दाणा बारीक. दुसऱ्या कोणी त्या कापून सगळ्या धानात मिसळल्या असत्या. यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात निराळ्या पेरल्या, त्यातल्या चांगल्या पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. डुकरांनी नासू नये म्हणून त्या तुकड्याची राखण करायची, आणि शेजाऱ्यांनी वेडा म्हटलं तर हसायचं. असं वर्षानुवर्षं. पाच-सहा वर्षांनी जे धान तयार झालं ते शिजवायला सरस, खायला मऊ, आणि आम्हा गिरणीवाल्यांच्या दृष्टीने सांगायचं तर तुकडा कमी पडणारं. कणकी कमी म्हणजे गिरणीवाल्याची झोप जास्त, हे भावनिक स्वास्थ्याच्या अभ्यासकांनी टिपून घ्यावं.

नव्वदच्या सुमाराला तो तांदूळ बाजारात गेला. व्यापाऱ्यांनी नाव विचारलं, तर नावच नव्हतं. तेव्हा एचएमटीच्या घड्याळाचा जमाना होता. लग्नात जावयाला ते मिळालं म्हणजे सोयरीक पावली. व्यापाऱ्यांनी तांदळाला तेच नाव ठेवलं. एचएमटी तांदूळ मग चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाहेर गेला, भंडारा-गोंदियात गेला, छत्तीसगडात, आंध्रात, मध्य प्रदेशात गेला. आपण पुण्या-मुंबईत खाल्ला असेल. पिशवीवर घड्याळाच्या कंपनीचं नाव होतं, दादाजींचं नव्हतं. पुढे सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रातून ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने वाण आला. निवड कोणाची आणि श्रेय कोणाचं यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून आलं. पाहुण्यांसमोर घरची भांडणं काढू नयेत म्हणून मी तिकडे जात नाही. दादाजी मात्र थांबले नाहीत. नांदेड-९२, नांदेड चिन्नोर, विजय नांदेड, दीपक रत्न असे एकामागून एक वाण त्यांनी काढले. एकाला तर ‘डीआरके’ अशी स्वतःच्या नावाची अक्षरं दिली. एचएमटीच्या अनुभवानंतर दिली, हे लक्षात घ्या. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला. २०१० साली ‘फोर्ब्स’ मासिकाने ग्रामीण भारतातल्या प्रभावी उद्योजकांत त्यांचं नाव घातलं. एवढं होऊनही घरातली ओढाताण गेली नाही.

शेवटी अर्धांगवायूचा झटका आला. उपचार झाले ते गडचिरोलीजवळच्या शोधग्राममध्ये, डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या दवाखान्यात. ३ जून २०१८ रोजी ते तिथेच गेले. आज दुपारी आपल्या ताटात जो भात वाढला जाईल तो एचएमटीचा आहे. नाव आठवून जेवा, एवढीच माझी विनंती.

आता परिषदेच्या विषयाकडे यायलाच हवं. अध्यक्षमहोदय मघापासून प्रेमाने माझ्याकडे बघताहेत.

शोधग्रामचं नाव आपोआप निघालं, पण ते निघणारच होतं. शरीर आणि मन यांचा अभ्यास मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत होतो आणि आम्ही जंगलातले लोक त्याचा ‘नमुना’ असतो, असा समज असेल तर तो आमच्या जिल्ह्यात टिकत नाही. बंग दांपत्याने १९८६ मध्ये इथे ‘सर्च’ ही संस्था उभी केली. आदिवासींनी त्यांना सांगितलं की आम्हाला दवाखान्याचीच भीती वाटते. पांढऱ्या कपड्यात आम्ही मेलेलं माणूस गुंडाळतो, आणि तुमचे डॉक्टर-नर्स तेच अंगावर घालून फिरतात. मग दवाखाना गावासारखा बांधला. झोपड्या, नातेवाईकांना सोबत राहायला जागा, आणि नाव दिलं ते दंतेश्वरी देवीचं. भीती ही शरीराच्या उपचारात किती मोठी अडचण असते, यावर आपण आज दुपारी निबंध वाचणार आहात. इथे त्या भीतीला विचारून भिंती बांधल्या गेल्या.

राणीताईंचा एक अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. वसा आणि अमिर्झा ही दोन गावं. ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, सरासरीने एकेकीला ३.६. आणि त्याआधी कधीही तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर खेड्यातल्या बाईचं दुखणं म्हणजे बाळंतपण, एवढंच जगाला ठाऊक होतं. यात मला आकड्यांपेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. निष्कर्ष लंडनला गेले तसे गावांतही आले. ‘जागरण जत्रा’ भरवून बायकांना त्यांचंच शरीर समजावून दिलं गेलं.

याच्या जोडीला सूनबाईंनी मला गोव्यातला एक अभ्यास वाचून दाखवला. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २००५ सालचा. अंगावरून पांढरं जातं अशी तक्रार घेऊन बायका येतात, ती का, हे त्यांनी शोधलं. जंतुसंसर्गापेक्षा मनावरचा ताण, चिंता, घरातली वागणूक यांच्याशी त्या तक्रारीचं नातं जास्त दिसलं. मी म्हटलं, मग राणीताईंचं खरं की यांचं? सूनबाई म्हणाल्या, बाबा, दोन्ही खरं. एका अभ्यासाने म्हटलं, बाई सांगते तर तपासा, तिच्या कल्पनेचे खेळ म्हणून सोडू नका. दुसरा म्हणतो, तपासून झालं की गोळी देऊन उठवू नका, बसवून ऐका. माझ्यासारख्याला एवढं समजलं तर परिषद यशस्वी झाली असं मी धरतो.

अमेरिकेतल्या ओहायोचा एक प्रयोग ऐकून तर मी जेवण थांबवलं. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या बायका एका बाजूला, तसा भार नसलेल्या दुसऱ्या बाजूला. सगळ्यांच्या हातावर तेवढीच बारीक जखम केली. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. किकोल्ट-ग्लेझर बाईंचा हा अभ्यास, १९९५चा. आमच्याकडे रोवणीच्या हंगामात बायका दिवसभर चिखलात उभ्या असतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. काहींच्या आठवड्यात बऱ्या होतात, काहींच्या दिवाळीपर्यंत राहतात. मी आजवर समजत होतो की ज्याची त्याची कातडी. आता वाटतं, घरी दारुडा नवरा किंवा अंथरुणाला खिळलेली सासू कोणाकडे आहे तेही विचारायला हवं. संशोधक विद्यार्थ्यांना विषय मिळत नाही अशी तक्रार मी ऐकली आहे; हा घ्या, फुकट आहे.

आणखी एक देतो. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या बायका उजाडायच्या आत मोहफुलं वेचायला रानात जातात. गेल्या काही वर्षांत वडसा-आरमोरीच्या रानात वाघाने माणसं मारली. त्यातला ‘सीटी-१’ नावाचा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये पकडला गेला, तोवर आसपासच्या जिल्ह्यांत मिळून तेरा जण गेले होते. वाघ किती, याची मोजणी होते. जिचं पोट त्या टोपलीवर आहे आणि रानाच्या तोंडाशी जिचे पाय थांबतात, तिची झोप, तिची भूक, तिच्या छातीची धडधड कोणी मोजली आहे का? आपल्यातले जे पहाटे फिरायला जाणारे आहेत त्यांना यानिमित्ताने हात जोडून सांगतो, आवारातच फेऱ्या माराव्यात. नदीकडे एकट्याने जाऊ नये.

या सगळ्यात माझं सांगणं एवढंच आहे, आणि ते मी गिरणीवाला म्हणून सांगतो. माल उचलणारा माल कोणाचा हे लिहून ठेवतो. आपण आमच्या गावांत प्रश्नावल्या घेऊन या, अवश्य या, चहा-पाणी आमच्याकडे. पण जिने उत्तरं दिली तिच्याकडे निष्कर्ष घेऊन परत या. या जिल्ह्यातल्या ८६ गावांच्या पाहणीतून २०१५ साली असं पुढे आलं की इथे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण पक्षाघात आहे, दर सात मृत्यूंमागे एक. रक्तदाब तपासा, मीठ कमी करा, तंबाखू सोडा, हे तेव्हापासून गावात बोललं जाऊ लागलं, कारण आकडे इथल्याच माणसांचे होते आणि इथे परत आले. दादाजींचं धान बाहेर गेलं, नाव मागे राहिलं. आमच्या दुखण्यांचं तसं होऊ नये.

संध्याकाळचा कार्यक्रम झाडीपट्टीच्या नाटकाचा आहे. दिवाळी सरली की होळीपर्यंत आमच्याकडे नाटकांचा हंगाम. कंपन्यांची कार्यालयं वडशाला. गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असला की रात्री नाटक ठरलेलं. २०१४ मध्ये न्यायालयाने पट बंद केले तेव्हा इथे सुतक आल्यासारखं झालं होतं. ते पुन्हा सुरू झाले, बैलांचं आणि आमचं बरं चाललं आहे. गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. नाटक रात्री दहाला सुरू होईल आणि पहाटे संपेल. मधला अंक रडवणारा आहे. दारूने घर बुडतं, बहीण भावाला ओळखत नाही, आणि मांडवातल्या हजार बायका पदर डोळ्याला लावतात. सकाळी त्याच बायका हलक्या होऊन कामाला जातात, हे मी जन्मभर पाहत आलो आहे. त्याचं शास्त्रीय नाव आपण सांगाल. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली त्यामागे मोठी लोकचळवळ होती. या नाटकांचाही त्यात वाटा असावा, असं माझं आपलं मत आहे. सूनबाई म्हणतात पुरावा नाही. पुरावा आज रात्री मांडवात बसून घ्या. उद्याचं नऊचं सत्र ज्यांच्या वाट्याला आलं आहे त्या वक्त्यांची मात्र आगाऊ क्षमा मागतो. श्रोते कमी असतील.

क्षमेचा विषय निघालाच आहे, तर उरलेलीही मागून घेतो. गोदामात खाटा पुरल्या नाहीत, काहींना गाद्या जमिनीवर घालाव्या लागल्या. मच्छरदाण्या सर्वांना आहेत. बांधायला खुंट्या सर्वांना नाहीत. गरम पाणी चुलीवर तापतं, म्हणून बादलीचा नंबर लावावा लागेल. महिला प्रतिनिधींची व्यवस्था गावातल्या घरांत केली आहे. तिथे आग्रह फार होईल, ती तक्रार समितीकडे आणू नये. ध्वनिक्षेपक मधूनमधून शिट्टी मारतो. विजेचा भरवसा नाही म्हणून जनित्र आणलं आहे, आणि जनित्राचा भरवसा नाही म्हणून पेट्रोमॅक्स. पडद्यावर चित्रं दाखवून बोलणाऱ्यांनी आपलं म्हणणं तोंडीही तयार ठेवावं. कार्यक्रमपत्रिकेत तीन विद्वानांची नावं चुकीची छापली गेली आहेत; छापखान्याचं नाव मी घेत नाही, तो माझा व्याही आहे. जेवण साधं आहे: भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. वैनगंगेचे झिंगे खाणाऱ्यांची पंगत वेगळी.

आता आभार. ज्यांनी तांदूळ दिला त्या गिरणीवाल्या बंधूंचे. ज्यांनी तेल-डाळ दिली आणि नाव जाहीर करू नका म्हणून बजावलं त्या किराणा व्यापाऱ्याचे. नाव जाहीर करा म्हणून ज्यांनी बजावलं त्यांची यादी दारावर मोठ्या अक्षरांत लावली आहे, तिथे वाचावी. दुधाचे पैसे न घेणाऱ्या गवळी बांधवांचे. मंडपवाल्यांचे, ज्यांनी लग्नाची तारीख सोडून आपल्याला मांडव दिला. कोशाची उपरणी रात्र जागून पुरी करणाऱ्या विणकरांचे. नगर परिषदेचे, रस्ता झाडल्याबद्दल आणि टँकर पाठवल्याबद्दल. वनखात्याचे, ज्यांचे दोन रक्षक नदीच्या वाटेवर उभे आहेत. पोलिसांचे. महाविद्यालयातल्या मुला-मुलींचे, ज्यांनी वडशाच्या फलाटावर थंडीत आपल्या नावाच्या पाट्या धरल्या. गोंडवाना विद्यापीठातून आलेल्या प्राध्यापकांचे. स्वयंपाक करणाऱ्या बचत गटाच्या भगिनींचे. त्यांनी आताच निरोप पाठवला आहे की भाषण आवरा, भात उतरवला आहे. माझ्या घरच्यांचे आभार मानले तर रात्री ऐकून घ्यावं लागेल, म्हणून ते राहू देतो.

कोणाचं नाव राहिलं असेल तर त्याने रागावू नये, नाटकाआधी मला माइक पुन्हा मिळणार आहे.

आता उद्घाटक महोदयांना विनंती करतो की त्यांनी दीपप्रज्वलन करावं. समईच्या वाती वाऱ्याने विझताहेत, म्हणून मांडवाची उत्तरेकडची कनात कोणीतरी जरा खाली सोडा. चहा ज्यांचा राहिला आहे त्यांच्यासाठी तो मागे, काट्याच्या खोलीत आहे. वैरागडच्या बससाठी नावं तिथेच द्यायची आहेत.